सूर-संवाद : जिच्या गळ्यातून आलं, तिचं नाव

मागच्या अंकात मोबी या अमेरिकन संगीतकाराच्या ‘प्ले’ या अल्बमचा ओझरता उल्लेख केला होता. १९९९ च्या मे महिन्यात आलेला हा अल्बम यंत्रांवर, घरातल्या खोलीत बसून केलेला आहे आणि त्याच्या पोटात जुन्या गॉस्पेल आणि ब्लूज (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची सुखदुःखाची गाणी) गाणाऱ्यांचे आवाज आहेत. त्या चार ओळींवर आलेल्या पत्रांतली ही चार. या वेळचं सदर त्यांनाच दिलं आहे.

ताई, तुमचं वाचून मी मोबाइलवर ‘प्ले’मधलं ‘नॅचरल ब्लूज’ लावलं. आमचे आजोबा चाळीस वर्षं भजनी मंडळात टाळ धरतात. ते आतल्या खोलीतून उठून आले आणि म्हणाले, “ही बाई कोण गं? हिच्या जिवाला काहीतरी लागलंय.” त्यांना इंग्रजीचा एक शब्द येत नाही. मग कसं कळलं? आणि गॉस्पेल, सोल म्हणजे नेमकं काय?
— एक विद्यार्थिनी, इंदिरानगर

आजोबांना माझा नमस्कार सांग. त्यांनी विचारलं तेच आधी विचारायला हवं, म्हणून उत्तरही तिथूनच सुरू करते.

ती बाई म्हणजे व्हेरा हॉल. अलाबामा राज्यात लिव्हिंग्स्टन नावाच्या गावाजवळ १९०२ साली जन्मली. लोकांची धुणी धुऊन, स्वयंपाक करून तिने पोट भरलं. गाणं हा तिचा धंदा कधीच नव्हता. लोकगीतं गोळा करत फिरणारे जॉन लोमॅक्स यांनी तिचा आवाज १९३० च्या दशकात पहिल्यांदा मुद्रित केला. त्यांचे चिरंजीव ॲलन लोमॅक्स १९५९ मध्ये अमेरिकेच्या दक्षिण भागात ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन पुन्हा फिरले. त्या फेरीतली मुद्रणं पुढे १९९३ मध्ये सीडींच्या संचात निघाली, आणि तो संच मोबी यांना एका मित्राकडून ऐकायला मिळाला. व्हेरा हॉलच्या त्या गाण्यात साथीला काही नाही. पेटी नाही, टाळी नाही, नुसता गळा. माझं दुःख देवावाचून कुणाला ठाऊक नाही, अशा अर्थाची ओळ ती पुन्हा पुन्हा गाते. १९६४ मध्ये ती गेली. ‘प्ले’ आला तेव्हा तिला जाऊन ३५ वर्षं झाली होती.

आता आजोबांना कसं कळलं ते. एकदा त्यांना पेटी घेऊन बसव आणि या परंपरेतल्या गायिकेचा गंधार, म्हणजे सारेगम मधला ग, शोधायला सांग. कोमल गंधाराची पट्टी दाबली तर आवाज तिच्यावर थोडा चढा लागतो, शुद्ध गंधाराची दाबली तर थोडा उतरा. दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत तो सूर राहतो. आपल्याकडे जुन्या बायका जात्यावर गातात, वासुदेव पहाटे गातो, तेव्हा नेमका असाच सूर लागतो आणि पेटीवाला गोंधळतो. चाळीस वर्षं टाळ धरलेल्या कानाला तो सूर परका नाही. शिवाय ओळ संपताना आवाज कसा खाली उतरतो, श्वास कुठे तुटतो, हे समजायला भाषा लागत नाही.

गॉस्पेल म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय चर्चचं भक्तिसंगीत. गुलामगिरीच्या काळातली सामूहिक गाणी, त्यांच्यावर ब्लूजचा रंग, आणि हे सगळं विसाव्या शतकात शिकागोसारख्या शहरात येऊन नव्याने घडलं. ते घडवणाऱ्यांत मोठं नाव थॉमस डॉर्सी यांचं. हे गृहस्थ आधी ‘जॉर्जिया टॉम’ या नावाने ब्लूज वाजवत. १९३२ मध्ये बाळंतपणात त्यांची पत्नी गेली, पाठोपाठ बाळही गेलं. त्या दुःखात त्यांनी ‘देवा, माझा हात धर’ अशी विनवणी करणारं गीत लिहिलं. आजही ते गीत तिकडे अंत्यसंस्कारात गायलं जातं. सुरुवातीला त्यांच्या चालींना कितीतरी चर्चनी दार बंद केलं होतं, कारण त्यांना त्यात दारूच्या गुत्त्याचा वास येई.

गॉस्पेलचा कणा म्हणजे हाक आणि प्रतिसाद. एकाने ओळ टाकायची, बाकीच्यांनी ती उचलायची. हे तुला पुस्तकातून समजून घ्यायची गरज नाही. पौष वद्य एकादशीच्या आधी त्र्यंबक रस्त्यावर जाऊन उभी राहा. निवृत्तिनाथांच्या यात्रेला दिंड्या निघालेल्या असतात. थंडीने बोटं आखडलेली असतात. पुढचा एकजण चरण सुरू करतो आणि मागचे टाळकरी ध्रुवपद असं उचलतात की रस्त्याच्या कडेचा माणूसही नकळत ओठ हलवतो. फरक टाळीत आहे. गॉस्पेलमध्ये चार मात्रांपैकी दुसरीवर आणि चौथीवर टाळी पडते. आपला हात पहिल्या मात्रेला, समेला पडायला सवकलेला. आजोबांना या गाण्यांवर टाळी द्यायला सांग. सुरुवातीला चुकेल, मग गंमत वाटेल.

सोल हे त्याच घरातलं लेकरू, बाहेर पडलेलं. गळा तोच, आर्जव तेच, फक्त देवाच्या जागी प्रियकर किंवा प्रेयसी. रे चार्ल्स यांनी १९५४ मध्ये एका गॉस्पेल गीताच्या चालीवर प्रेमगीत बसवलं तेव्हा बरीच धार्मिक मंडळी दुखावली होती. आपल्याकडे अभंगाची चाल लावणीला लावली तर जे होईल, तेच.

आणि यंत्रं कुठून आली? पुन्हा शिकागोच. तिथे वेअरहाउस नावाच्या क्लबात फ्रँकी नकल्स १९७७ पासून सोल आणि डिस्कोच्या तबकड्या वाजवत. त्या क्लबच्या नावावरूनच पुढे तिथल्या नाचाच्या संगीताला ‘हाउस’ हे नाव पडलं असं मानतात. त्या तबकड्यांना नंतर ढोलाच्या यंत्रांची जोड मिळाली. रोलँड कंपनीचं टीआर-९०९ हे यंत्र १९८३ मध्ये आलं. प्रत्येक मात्रेला खर्जातला ठोका, मधे टाळीचा आवाज, वर गॉस्पेल घराण्यातला गळा, असं ते संगीत. ज्या शहरात डॉर्सी गॉस्पेल लिहीत होते त्याच शहरात पन्नास वर्षांनी हे झालं, याचं मला फार अप्रूप वाटतं. रविवारी सकाळी चर्चमध्ये गाणाऱ्या कितीतरी मुली शनिवारी रात्रीच्या तबकड्यांवर होत्या.

मोबी यांनी काय केलं, ते आता सोपं होईल. ‘प्ले’मध्ये १८ गाणी आहेत, त्यांतल्या मोजक्यांतच जुने आवाज आहेत, पण अल्बम लक्षात राहतो तो त्यांच्यामुळेच. ‘हनी’मध्ये जॉर्जियाच्या समुद्रकाठच्या बेटांवरच्या बेसी जोन्स यांचा आवाज आहे, टाळ्यांसकट. ‘व्हाय डझ माय हार्ट फील सो बॅड?’मध्ये १९६३ च्या एका गॉस्पेल वृंदाच्या ओळी आहेत. आवाजाचा छोटा तुकडा कापायचा आणि तो सारखा फिरत ठेवायचा. इथे एक गोष्ट नीट कान देऊन ऐक. तुकडा कापला की हाक उरते आणि प्रतिसाद मागे राहतो. मग त्या हाकेला ओ कोण देणार? या गाण्यांत ओ देतो तो पियानो, आणि त्याच्या मागे हळूहळू भरत येणारी व्हायोलिनसारखी सुरावट. ओळ तीच राहते, खालचे सूर बदलतात, आणि तेच शब्द आधी खचलेले वाटतात, मग सावरलेले. टाळकऱ्यांचं काम यंत्राने केलं, आणि मनापासून केलं, म्हणून मला हा अल्बम आवडतो. उत्तरार्ध मात्र सैल आहे. तिथे जुने आवाज जवळजवळ नाहीत आणि मोबी स्वतः गातात तेव्हा ती ओढ जाणवत नाही.

आमच्या चर्चच्या गायनवृंदात मी आल्टो, म्हणजे बायकांच्या आवाजातली खालची पट्टी, गाते. आमच्या तरुण मुलांनी नाताळसाठी एक जुनं मराठी गीत इलेक्ट्रॉनिक ठेक्यावर बसवलं. वडीलधारे नाराज झाले. त्यांचं म्हणणं, भक्तीचा आवाज नाचाच्या ठेक्यावर घालणं म्हणजे अवमान, आणि हे संगीत आपलं नाहीच. तुमचं मत?
— शरणपूर रोड

ज्येष्ठांची नाराजी मी हलक्यात घेणार नाही. ज्या गीताने माणसाने घरातलं माणूस निरोपाला दिलं असेल, ते गीत ठेक्यावर ऐकताना त्याला लागणारच. पण दोन गोष्टी त्यांच्यासमोर ठेवा.

पहिली, ‘आपलं नाही’ याबद्दल. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी मराठी चर्चमध्ये अभंग, भजन, कीर्तन आणलं तेव्हा तेही नवीनच होतं. तोवर बरीचशी गीतं इंग्रजी चालींवर म्हटली जात. आज ‘उपासना संगीत’ हे मराठी चर्चचं गीतांचं पुस्तक उघडलं की टिळकांची कितीतरी गीतं समोर येतात आणि ती जुनी, आपली वाटतात. लक्ष्मीबाई टिळक तर आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या. झांजा आणि मृदंग देवळातून चर्चमध्ये आले, त्यावेळी कुणी नाराज झालंच असेल. आणि तुम्ही ज्या रस्त्यावरून पत्र पाठवलंत, त्या शरणपूरची हकिगत मुलांना जरूर सांगा. मिशनरी विल्यम प्राइस यांनी वसवलेल्या त्या वस्तीत एकोणिसाव्या शतकात आफ्रिकेतली मुलं शिकत होती. अरबी गलबतांवरून गुलाम म्हणून नेली जात असताना ब्रिटिश आरमाराने सोडवलेली ती मुलं. इथे त्यांना अक्षरं शिकवली, लोहारकाम, सुतारकाम शिकवलं. १८७३ मध्ये संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिकेत वारले, तेव्हा त्यांचा देह शेकडो मैल चालत किनाऱ्याला आणणाऱ्यांत नाशिकला शिकलेले तरुण होते. त्यांतला जेकब वेनराइट त्या देहासोबत लंडनपर्यंत गेला. गुलामगिरीतून सुटलेल्या माणसाचं देवाला हाक मारणं हाच गॉस्पेलचा जन्म. सुटलेली तशीच मुलं आपल्या शरणपुरात प्रार्थनेला बसत होती. मला तरी हे संगीत फार लांबचं वाटत नाही.

दुसरी गोष्ट अवमानाची. अरेथा फ्रँकलिन सोलची सम्राज्ञी झाल्यावर १९७२ च्या जानेवारीत लॉस एंजेलिसच्या एका बॅप्टिस्ट चर्चमध्ये परत गेली आणि दोन रात्री गॉस्पेल गायली. ढोल, बास, हॅमंड ऑर्गन, सगळं साथीला होतं. वडील, जे स्वतः धर्मोपदेशक होते, समोर बसलेले. वाद्यांनी भक्ती कमी झाली असं ते मुद्रण ऐकून कुणी म्हणणार नाही. आणि हॅमंड ऑर्गन तरी काय, १९३५ मध्ये बाजारात आलेलं विजेचं यंत्रच ते. मोठा नळ्यांचा ऑर्गन न परवडणाऱ्या चर्चनी ते घेतलं, आणि आज त्याच्याशिवाय गॉस्पेल ओळखू येत नाही. आपल्या पायपेटीचंही असंच झालं.

माझी कसोटी साधी आहे. ओळीचा अर्थ शिल्लक राहिला का? तुमच्या मुलांनी पूर्ण कडवं ठेवलं असेल, श्वासाला जागा ठेवली असेल, तर मी त्यांच्या बाजूने आहे. देवाचं नाव अर्ध्यात कापून नुसता ठसका म्हणून वापरलं असेल, तर वडीलधाऱ्यांच्या. ‘प्ले’बद्दलही माझं मन इथेच दुखतं. सुरुवातीला तो फारसा खपला नव्हता. मग त्यातली सगळीच्या सगळी गाणी जाहिरातींना, चित्रपटांना, मालिकांना वापरायला दिली गेली. पुढे अल्बमच्या एक कोटीहून जास्त प्रती खपल्या. अल्बममध्ये तो आवाज सांभाळलेला आहे, तो बाजारात वस्तू विकायला उभा करायला नको होता.

हे ऐकायला महागडे हेडफोन लागतात का?
— नाशिक रोड

नाही. फक्त मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका, खर्जातला ठोका त्यात येतच नाही. साधे तारेचे इअरफोन चालतील. रात्री, पंखा बंद करून ऐका.

ताई, मी मोबाइलवर आणि लॅपटॉपवर संगीत करतो. आजी ८१ वर्षांची आहे, जात्यावरच्या ओव्या गाते. तिचा आवाज घेऊन असं काही करायचं आहे. कसं करू?
— सिन्नर

तुझं पत्र मी सगळ्यात शेवटी ठेवलं, कारण याला उत्तर देताना मला माझं एक सांगावं लागणार आहे.

रविवार कारंजावर वडिलांचं कॅसेटचं दुकान होतं, ते माझ्याकडे आलं. कॅसेट संपल्या तसं मी पंचवटीत छोटी ध्वनिमुद्रणाची खोली केली. २००४ साली चांदोरीकडच्या एक बाई मुलासोबत आल्या. आईच्या ओव्या जपून ठेवायच्या, एवढीच मुलाची इच्छा. बाई दीड तास गायल्या. जातं नव्हतं तर उजवा हात मांडीवर गोल फिरवत गायल्या, त्याशिवाय त्यांना ओवीच सुचेना. पुढच्या वर्षी एक ओळखीचा मुलगा, मिरवणुकांना ठेके करून देणारा, माझ्याकडे काही वेगळा आवाज आहे का म्हणून विचारत आला. मी त्याला दोन ओव्यांचा तुकडा दिला. बाईंना विचारलं नाही. मला वाटलं, ओवी तर कुणाचीच नसते. त्याने केलेलं गाणं छान झालं होतं, गणपतीत मेन रोडला वाजलं. नेमक्या त्या दिवशी बाई खरेदीला आल्या होत्या. त्यांनी गर्दीत उभं राहून स्वतःचाच गळा ऐकला. दुसऱ्या दिवशी खोलीवर आल्या. भांडल्या नाहीत, पैसे मागितले नाहीत. “माझं नाव घेतलंय का गं त्यात कुठं?” एवढंच विचारलं. नव्हतं घेतलं. मी माफी मागितली, त्या चहा घेऊन गेल्या, पण तो प्रश्न माझ्या खोलीत राहिला. व्हेरा हॉलचं गाणं ऐकताना मला दर वेळी त्याच दिसतात.

तेव्हा पहिलं काम, आजीला विचार. नुसतं “घेऊ का गं?” असं नको. कुठे वाजेल, कोण ऐकेल, हे सांगून विचार. नातवासाठी गाणं वेगळं आणि वरातीत वाजणं वेगळं. ओवीचे शब्द परंपरेचे असले तरी ती गाणं हे तिचं सादरीकरण आहे, आणि १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात सादर करणाऱ्याचा हक्क ५० वर्षं मानलेला आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर सादरकर्ता म्हणून नाव लावून घेण्याचा हक्कही आहे. आजी काही तुझ्यावर दावा लावणार नाही. पण कायद्यालाही जे कळतं ते आपल्याला कळायला हवं.

मुद्रणासाठी आजीला स्टुडिओत नेऊ नकोस, जात्यावरच बसव. दाणे घाल, रिकामं जातं फिरवू नको, आवाज कर्कश येतो. मोबाइल विमान-मोडवर टाक, तिच्या तोंडापासून वीतभर लांब, थोडा बाजूला ठेव, नाहीतर ‘प’ आणि ‘भ’ला फुंकर बसते. शक्य असेल तर दुसरा मोबाइल जात्याजवळ ठेव. ती घरघर तुला ढोलाच्या यंत्रापेक्षा जास्त उपयोगी पडेल, बघशील. फाईल डब्ल्यूएव्ही, म्हणजे आवाज न दाबता साठवणाऱ्या, स्वरूपात घे. आणि दहा मिनिटं गप्पा होऊ देत, पहिल्या चार ओव्या नेहमी लाजऱ्या येतात.

आता खरी अडचण. आजीची लय घड्याळाची नाही. दळण जड झालं की ओवी संथ होते, हलकं झालं की पळते. सॉफ्टवेअरमध्ये आवाज ओढून-ताणून ठेक्याच्या चौकटीत बसवायची सोय असते. ती वापरू नकोस. ठेका आजीमागे चालव. प्रत्येक फेरा जिथे पूर्ण होतो तिथे खूण कर आणि ठोका त्या खुणांवर ठेव. थोडा डगमगेल, डगमगू दे. सुराचंही तसंच. आधी तानपुऱ्याच्या ॲपवर तिचा षड्ज, म्हणजे सा, शोध, तो काळी तीन आणि पांढरी पाचच्या मधेही असू शकेल. मग तिचा आवाज न सरकवता तुझं वाद्य त्या सुराला लाव. आणि खाली भरगच्च कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे तीन-चार सूर, देऊ नकोस. वर इंदिरानगरच्या मुलीला गंधाराबद्दल लिहिलं आहे, ते वाच. आजीचा गंधार दोन पट्ट्यांच्या मधला असेल, आणि तू खाली शुद्ध गंधार वाजवलास की आजी बेसूर वाटेल. ती बेसूर नाही. फक्त षड्ज आणि पंचम दे, गंधाराची जागा मोकळी सोड.

तुकडा फिरवायचा तर अख्खी ओवी फिरव. ओवीच्या शेवटी बायका जो लांब सूर धरतात तो कापू नकोस, पुढची ओवी तिला तिथे सुचत असते. आणि तिच्या हाकेला ओ कोण देणार, हे आधी ठरव. जात्यावर दोघी बसायच्या, एकीची ओवी संपली की दुसरीची. आजीसमोर खुंट्याला कोण बसायचं, ते तिला विचार. जाऊ असेल, नणंद असेल. ती हयात असेल तर तिचाही आवाज घे. नसेल तर तिथे दुसरं काही भरू नकोस, तेवढा वेळ नुसतं जातं ऐकू येऊ दे.

माझ्या खोलीत आता कुणीही गायला आलं तरी पहिला आवाज एकच मुद्रित होतो : स्वतःचं नाव, गाव, आणि गाणं कुणाकडून शिकलं ते. तूही आजीकडून एवढं आधी बोलवून घे, आणि गाण्याच्या सुरुवातीला तेच ठेव. झालं की मला पाठव. त्याआधी आजीला ऐकव.